समजून घ्या : हौशी बोटवाल्याला ‘कॅप्टन’चा परवाना कसा मिळतो? अमेरिकेतली ३६० दिवसांची अट आणि आपल्या नावाड्यांसाठी तिचा अर्थ

अमेरिकेत स्वतःची मोटरबोट घेऊन तळ्यात, खाडीत किंवा समुद्रात फिरायला केंद्र सरकारचा कॅप्टन परवाना लागत नाही. घरची माणसे घ्या, मित्र घ्या, गळ टाकून दिवसभर बसा, त्याला कुणाची हरकत नसते. मात्र त्याच बोटीवर एक जरी माणूस पैसे देऊन चढला, तर सुकाणू धरणाऱ्याकडे तटरक्षक दलाचा परवाना हवाच. हौस आणि धंदा यांच्यातली ही रेघ तिथल्या कायद्याने स्पष्ट आखली आहे. ती ओलांडायची असेल तर पाण्यावर काढलेले ३६० दिवस कागदावर दाखवावे लागतात.

ही माहिती आपल्याकडे घेण्याचे कारण आहे. उजनीच्या फुगवट्यात, कोयनेच्या शिवसागरात आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे बहुतेक नावाडी पिढीजात पाण्यावरचे आहेत. ‘पोरगा पाण्यातच वाढलाय’ एवढीच त्यांची ओळख. अनुभव भरपूर, पण त्याची नोंद कुठेच नाही. अमेरिकेची पद्धत नेमकी याच अनुभवाला मोजते. म्हणून ती समजून घेण्यासारखी आहे.

पैसे घेतले की नियम बदलतो

अमेरिकेत हौशी बोटिंगचे नियम बहुतांशी त्या त्या राज्याचे असतात. अनेक राज्यांत बोट चालवण्यापूर्वी सुरक्षिततेचा छोटा अभ्यासक्रम करून कार्ड घ्यावे लागते. न्यू जर्सीत मोटरबोटीसाठी असे प्रमाणपत्र लागते. कॅलिफोर्नियाने टप्प्याटप्प्याने वयोगट वाढवत नेले आणि १ जानेवारी २०२५ पासून मोटरबोट चालवणाऱ्या सर्व वयाच्या लोकांना कार्ड सक्तीचे केले. पण हे कार्ड म्हणजे कॅप्टनचा परवाना नाही. हे कार्ड दाखवून कुणाकडून भाडे घेता येत नाही.

भाडे म्हणजे काय, हेही कायद्याने सांगितले आहे. प्रवाशाला बोटीवर घेण्याची अट म्हणून पैसे किंवा इतर कोणताही आर्थिक फायदा घेतला, तर तो ‘भाड्याचा प्रवासी’. चार मित्रांनी आपखुशीने डिझेलचा, जेवणाचा खर्च वाटून घेतला तर ते भाडे होत नाही. पण ‘पैसे दिलेस तरच चढ’ असे झाले, की ती फेरी धंद्याची धरली जाते. मग मालक ‘आम्ही मित्रच आहोत’ असे म्हणाला तरी उपयोग नसतो. विनापरवाना प्रवासी नेणाऱ्यांवर तटरक्षक दल दंडाची कारवाई करते आणि फेरी जागेवर थांबवते.

सहा प्रवाशांचा परवाना

हौशी माणूस सहसा ज्या परवान्यापासून सुरुवात करतो त्याला ‘ओयूपीव्ही’ म्हणतात. तपासणी न झालेल्या प्रवासी बोटीचा चालक, असा त्याचा अर्थ. बोलीभाषेत त्याला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात, कारण या परवान्यावर जास्तीत जास्त सहा भाड्याचे प्रवासी नेता येतात. बोट १०० ग्रॉस टनांपेक्षा लहान असावी लागते. इथे टन म्हणजे वजन नव्हे. बोटीच्या आतली जागा मोजून हा आकडा काढतात आणि १०० घनफूट जागेला एक टन धरतात.

सातवा प्रवासी चढला की दोन गोष्टी बदलतात. बोटीची तटरक्षक दलाकडून तपासणी होऊन तिला प्रमाणपत्र मिळालेले असावे लागते आणि चालकाकडे ‘मास्टर’ हा वरच्या दर्जाचा परवाना लागतो. म्हणजे प्रवासी वाढले की चालकाची परीक्षाही वाढते आणि बोटीचीही. ‘एकच जास्त आहे, बसवू की’ याला तिथे जागा नाही.

सिक्स-पॅक परवाना कोणत्या पाण्यासाठी आहे, हेही त्यावर लिहिलेले असते. नद्या, तळी, खाड्यांसाठी अंतर्गत जलमार्गाचा परवाना असतो. उत्तरेकडच्या पाच मोठ्या सरोवरांसाठी वेगळा शेरा असतो. समुद्रात जायचे तर किनाऱ्यालगतच्या पाण्याचा परवाना लागतो आणि सिक्स-पॅकवाल्याला त्यावर १०० मैलांपर्यंतच जाता येते.

३६० दिवसांचा हिशेब

सिक्स-पॅकसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. अनुभवाच्या अटी अशा :

- आयुष्यात एकूण किमान ३६० दिवस बोटीवरचा अनुभव.
- त्यातले किमान ९० दिवस अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांतले.
- समुद्राचा परवाना हवा असेल तर ३६० पैकी किमान ९० दिवस समुद्रातले किंवा किनाऱ्यालगतच्या पाण्यातले.

एक दिवस म्हणजे खरे तर आठ तासांची पाळी. लहान बोटींना सवलत म्हणून किमान चार तासांचा दिवसही धरला जातो. तीन तास फिरून परत आला तर तो दिवस मोजत नाहीत. सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास बोट चालवली तरी तो एकच दिवस.

हौशी माणसाच्या कामाची गोष्ट म्हणजे हा अनुभव नोकरीतलाच हवा असे नाही. स्वतःच्या बोटीवर मासेमारीला गेलेले, घरच्यांना फिरवलेले, मित्राच्या बोटीवर हातभार लावलेले दिवसही चालतात. फक्त तो माणूस बोट चालवण्याच्या कामात असला पाहिजे. मागे बसून वारा खाल्लेले दिवस मोजायचे नसतात.

हिशेब करून बघू. एखादा माणूस एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात दर शनिवार-रविवार बोट काढतो. साधारण ३० आठवड्यांचे ६० दिवस झाले. ३६० दिवस भरायला त्याला सहा हंगाम लागतील. शेवटच्या तीन वर्षांत त्याचे १८० दिवस झालेले असतील, म्हणजे ९० दिवसांची अट आपोआप पुरी होते. उलट, तरुणपणी दहा वर्षे बोट चालवली आणि मग पाच वर्षे पाण्याकडे फिरकलाच नाही, अशा माणसाचे एकूण दिवस भरतात, पण त्याला परवाना मिळत नाही. आधी ९० दिवस पुन्हा पाण्यावर काढावे लागतात. हात अजून बसलेला आहे का, हे बघण्याची ही रीत.

अनुभव सांगायचा नाही, लिहून द्यायचा

हा सगळा अनुभव एका ठरावीक फॉर्मवर भरून द्यावा लागतो. प्रत्येक बोटीसाठी वेगळा फॉर्म. त्यावर बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, लांबी, टनेज, इंजिनाचा प्रकार, कोणत्या पाण्यात चालवली आणि चालवणाऱ्याचे काम काय होते, हे लिहायचे. खाली वर्ष आणि महिन्याचा तक्ता असतो. कोणत्या महिन्यात किती दिवस, ते चौकटीत भरायचे.

बोट स्वतःची असेल तर मालक म्हणून स्वतःच सही करता येते. मात्र बोट आपलीच होती याचा पुरावा जोडावा लागतो. नोंदणीचा कागद, मालकीपत्र किंवा खरेदीची पावती, यातले काही चालते. बोट दुसऱ्याची असेल तर तिच्या मालकाची किंवा कॅप्टनची सही लागते. इथेच पुष्कळ जण अडकतात. बोट विकून टाकलेली असते, जुना मालक सापडत नाही, कागद हरवलेले असतात. म्हणून परवाना घ्यायचा विचार आज नसला तरी फेऱ्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, हा तिथल्या बोटवाल्यांचा अनुभवाचा सल्ला.

खोटे दिवस लिहिण्याचा मोह होऊ शकतो. पण केंद्र सरकारला खोटी माहिती देणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे खोट्या तक्त्यावर सही करणारा परवाना तर गमावतोच, वर खटल्यालाही सामोरा जातो.

डोळे, रक्तदाब आणि लघवीची तपासणी

दिवस भरले म्हणजे अर्ज झाला असे नाही. सोबत पुढच्या गोष्टी लागतात.

वैद्यकीय तपासणी : डॉक्टरांकडून ठरावीक फॉर्म भरून आणायचा. ऐकू येणे, रक्तदाब, चालू औषधे, जुने आजार, सगळे त्यात येते. नजर चष्म्यासह किमान एका डोळ्याने २०/४० हवी. रंग ओळखता येणेही गरजेचे. रात्री समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, यावरून ती कुठल्या बाजूला चालली आहे हे कळते. लाल-हिरव्यात गोंधळणारा माणूस अंधारात टक्कर घडवू शकतो.

अमली पदार्थांची चाचणी : अर्जाच्या आधीच्या १८५ दिवसांतली असावी लागते.

प्रथमोपचार आणि सीपीआर : बंद पडलेले हृदय छातीवर दाब देऊन चालू करण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र. पहिल्या परवान्यासाठी ते गेल्या १२ महिन्यांतले हवे.

पार्श्वभूमीची तपासणी : बंदरात आणि जहाजांवर काम करणाऱ्यांना ‘ट्विक’ नावाचे ओळखपत्र घ्यावे लागते. त्यासाठी बोटांचे ठसे घेतात आणि गुन्हेगारी नोंदी तपासतात.

शपथ : कर्तव्य प्रामाणिकपणे पार पाडीन, अशी शपथ सहीनिशी घ्यावी लागते.

हे सगळे कागद तटरक्षक दलाच्या राष्ट्रीय सागरी केंद्राकडे जातात. हे केंद्र वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मार्टिन्सबर्ग गावी आहे. परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी मागच्या पाच वर्षांतला एक वर्षाचा अनुभव दाखवावा लागतो. तो नसेल तर उजळणीचा अभ्यासक्रम किंवा पुस्तक उघडून सोडवायची प्रश्नपत्रिका, असे पर्याय असतात.

परीक्षेत ९० टक्के कशाला?

परीक्षा तटरक्षक दलाच्या केंद्रावर जाऊन देता येते. दुसरा मार्ग म्हणजे दलाने मान्यता दिलेल्या शाळेत अभ्यासक्रम करून तिथेच परीक्षा देणे. बहुतेक हौशी लोक शाळेचा मार्ग धरतात. शाळेचे प्रमाणपत्र एक वर्षच चालते, त्या मुदतीत अर्ज करावा लागतो.

विषय असे : जलवाहतुकीचे नियम, नकाशावर मार्ग काढणे, दिशा आणि भरती-ओहोटी, हवामान, बोटीवरची कामे, आग आणि बुडण्याच्या प्रसंगातली सुरक्षा. बाकीच्या विषयांत साधारण ७० टक्क्यांना पास. जलवाहतुकीच्या नियमांत मात्र ९० टक्के लागतात. कारण साधे आहे. गाठ चुकीची मारली तर ती सोडून परत मारता येते. समोरून बोट येताना कोणी वळायचे हेच माहीत नसेल, तर दुसरी संधी मिळत नाही.

उदाहरणार्थ, दोन मोटरबोटी एकमेकींचा मार्ग आडवा कापत असतील, तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यायची. समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचे. हे नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातले आहेत आणि भारतालाही लागू आहेत. अमेरिकेने नद्या-खाड्यांसाठी त्यात थोडे फरक केले आहेत. दोन्हींतला फरक परीक्षेत विचारतात.

आपल्याकडच्या खलाशाने तिथे गेल्यावर लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट. बंदरात शिरताना वाट दाखवणारे लाल आणि हिरवे तरंगते बोये असतात. भारतात समुद्राकडून आत येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा असतो. अमेरिकेत तोच लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा. जगात याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन देश वेगवेगळ्या पद्धतीत मोडतात. कोकणातल्या पट्टीच्या तांडेलाने सवयीने बोट घातली, तर तिथे ती खडकावर जाईल. नुसता अनुभव का पुरत नाही आणि परीक्षा का लागते, याचे याहून सोपे उदाहरण नाही.

तिथल्या मराठी माणसांना काय लागू?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत बोट घेणारेही आहेत. त्यांच्यासाठी नागरिकत्वाची अट महत्त्वाची. मास्टरचा परवाना अमेरिकी नागरिकालाच मिळतो. नागरिक नसलेल्याला सिक्स-पॅक मिळू शकतो, पण तो केंद्रीय नोंदणी नसलेल्या लहान बोटींपुरता. व्यवसायात असलेल्या पाच नेट टन आणि त्यापुढच्या बोटींची केंद्रीय नोंदणी सक्तीची असते आणि अशा बोटीचा कॅप्टन नागरिकच हवा.

पुढे १०० टनांपर्यंतचा मास्टर व्हायचे असेल तर वय १९ आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी ७२० दिवसांचा अनुभव लागतो. नद्या-तळ्यांसाठी ३६० दिवस पुरतात. चालवलेल्या बोटींच्या आकारावरून परवाना २५, ५० की १०० टनांचा, ते ठरते. लहान होडीवर हजार दिवस काढले म्हणून मोठ्या लाँचचा परवाना मिळत नाही.

परवाना असूनही ३४ जीव गेले

परवाना मिळाला म्हणजे काम संपले असे कुणी समजू नये. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ बेटाजवळ नांगरून ठेवलेल्या ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या बोटीला आग लागली. खाली झोपलेले ३४ जण मरण पावले. कॅप्टन परवानाधारक होता. पण रात्रभर बोटीवर फिरून लक्ष ठेवणारा पहारेकरी नेमण्याचा नियम पाळला गेला नव्हता. २०२३ मध्ये ज्युरीने कॅप्टनला दोषी धरले आणि २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

परवान्याचा खरा उपयोग इथे कळतो. काही झाले तर जबाबदार कोण, हे आधीच लिहिलेले असते. ‘बोट कुणाची, चालवत कोण होतं, त्याला परवानगी कुणी दिली’ हे प्रश्न दुर्घटनेनंतर विचारायची वेळ येत नाही.

आपल्याकडे काय स्थिती?

आपल्याकडे हे प्रश्न नंतरच विचारले जातात. २४ मे २०२२ ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जण गेले. हे पर्यटक नव्हते. पलीकडच्या गावाला जायला पाण्यावरची वाट जवळची, म्हणून निघालेली साधी माणसे होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईजवळ नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळून दहापेक्षा जास्त लोकांचा जीव गेला.

कायदा नाही असे नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन संसदेने अंतर्गत जलयान कायदा, २०२१ केला. नद्या, धरणे, खाड्यांतल्या यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाचे सक्षमता प्रमाणपत्र या गोष्टी त्यात आहेत. अंमलबजावणी राज्य सरकारकडे. नौदल, तटरक्षक दल किंवा लष्कराच्या बोटींवर काम केलेल्या माजी सैनिकांना ठरावीक सेवेनंतर परीक्षेशिवाय सेवा प्रमाणपत्र देण्याची सोयही कायद्यात ठेवली आहे. सातारा-कोकणातल्या अनेक घरांतल्या माजी सैनिकांच्या कामाची ही तरतूद. वल्ह्याच्या, इंजिन नसलेल्या होड्यांसाठी वेगळे प्रकरण असून त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांना काम सोपवता येते. म्हणजे ग्रामपंचायतीच्या पातळीवरही यात हात घालता येऊ शकतो. किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटींसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची बंदर कार्यालये आहेत. पॉवरबोट हाताळणी आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत चालतात.

अडचण आहे ती गावातल्या नावाड्याची. तो अर्ज करायला गेला की पहिला प्रश्न येतो, ‘अनुभवाचा दाखला?’ वीस वर्षे होडी चालवलेल्या माणसाकडे त्याचा एक कागद नसतो. बोट चुलत्याच्या नावावर, मालक मुंबईला, फेऱ्यांचा हिशेब फक्त पैशांचा. पाणी त्याला ओळखते, कार्यालय ओळखत नाही.

आजपासून वही घाला

परवान्यासाठी अर्ज उद्या करायचा असो वा पाच वर्षांनी, बोट चालवणाऱ्या प्रत्येकाने एक जाड वही घालावी. रोज एक ओळ पुरे :

- तारीख, निघाल्याची आणि परतल्याची वेळ
- बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, इंजिन
- कुठून कुठे, धरण की खाडी की समुद्र
- किती माणसे, किती लाइफ जॅकेट
- आपले काम काय होते : सुकाणूवर, इंजिनवर की मदतीला
- वारा, पाऊस, काही बिघाड किंवा प्रसंग

महिन्याच्या शेवटी दिवसांची बेरीज करून बोटमालकाची सही घ्यावी. बोट स्वतःची असेल तर नोंदणी, विमा आणि खरेदीच्या पावतीची प्रत वहीलाच चिकटवावी. मालक बदलला, बोट विकली, तर जाण्यापूर्वी तोवरचा दाखला लिहून घ्यावा. नाखवा गावातच असतो तोवर सही मिळते, नंतर शोधत फिरावे लागते.

प्रवाशांनीही दोन गोष्टी विचारायला लाजू नये. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे आणि चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का? अमेरिकेत सहा म्हणजे सहा. आपल्या धक्क्यावरही फलकावरचा आकडा भरला की पुढच्या फेरीची वाट बघावी. पंधरा मिनिटे उशीर झाला तरी पलीकडचा काठ कुठे जात नाही.